दिवाणखान्याची जागा

पुण्यांतील आजच्या सदनिकेंत बाहेरची खोली दहा फूट रुंद व बारा-पंधरा फूट लांब असली, म्हणजे घरधनी तिला ‘हॉल’ म्हणतो आणि गृहिणी ती मोठी कशी दिसेल या विवंचनेंत पडते. भिंतीस फिकट रंग द्यावा, आरसा लावावा, सामान कमी करावें, अशा सूचना तिला चहूंकडून मिळत असतात. गंमत अशी कीं, या सूचना एकेकाळीं ज्या शहरांत कोणास सांगाव्या लागत नसत, तें शहर पुणेंच होय.

पेशवाईंतील वाड्याचें मोजमाप खणांवर होत असे. दोन तुळयांमधील अंतर म्हणजे एक खण. तुळई जेवढी लांब मिळे तेवढीच खोलीची रुंदी. म्हणून भल्यामोठ्या वाड्यांतही खोल्या पुष्कळदां लांबट व अरुंद असत. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला आणि १८२८ च्या आगींत आंतील इमारती जळून गेल्या. तेथला आरसेमहाल आतां नांवानेंच उरला आहे. परंतु दुसऱ्या बाजीरावानें एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीं बांधविलेला विश्रामबागवाडा, त्याचे सुरूच्या घाटाचे कोरीव खांब व रस्त्यावर आलेला सज्जा यांसह, आजही पाहावयास मिळतो. त्यावरून त्या काळच्या दिवाणखान्याची कल्पना करतां येते.

अशा दिवाणखान्यांत सामान म्हणून जवळजवळ कांहींच नसे. जमिनीवर जाजम, त्यावर गादी व पांढरी चादर, भिंतीशीं लोड-तक्के, एवढ्यावर बैठक पुरी होई. वस्तू ठेवण्याची सोय भिंतीच्या जाडींतच केलेली असे. कोनाड्यांत दिवा, फडताळांत पोथ्या व दप्तरें, खुंटीवर पगडी. यांपैकीं कशासाठींही जमिनीची बोटभर जागा खर्ची पडत नसे. साध्या घरीं रात्रीं त्याच जागीं अंथरूण पडे आणि सकाळीं वळकटी होऊन कोपऱ्यांत जाई. जपानांतही खोली चटयांच्या संख्येनें मोजण्याची व दिवसा अंथरूण भिंतींतील कपाटांत सारण्याची रीत आहे. दोन दूरच्या देशांना लांकडी घरानें एकच धडा दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

याहून मोठी गोष्ट नजरेच्या उंचीची. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून अडीच फुटांच्या आसपास असतात, खुर्चीवर बसलेल्याचे सुमारें चार फुटांवर. तेंच छत पहिल्यास उंच वाटतें, दुसऱ्यास डोक्यावर आल्यासारखें. माडीवरच्या खिडक्याही याच हिशेबानें ठेवीत. खिडकीचा तळ जमिनीलगत व पुढें लांकडी कठडा असला, म्हणजे बसल्या जागेवरून रस्ता दिसे आणि नजर खोलीच्या भिंतींत अडकून पडत नसे. दुसऱ्या अंगास चौक असे. त्यांतून वरचा उजेड येई. आरशांचें मुख्य काम दिव्यांसाठीं होतें. हंड्या-झुंबरांचा उजेड त्यांत दुणावे. आजही आरसा खिडकीसमोर लावला तरच कामास येतो. कपाटासमोर टांगला, तर खोली वाढत नाहीं, कपाटें मात्र दोन होतात.

मात्र हा प्रशस्तपणा कोणाच्या वाट्याचा होता, हेंही पाहिलें पाहिजे. दिवाणखाना पुरुषांचा. घरांतल्या बायकांचा दिवस माजघरांत आणि स्वयंपाकघराच्या धुरांत जाई, आणि पसाराही तेथेंच राही. बाहेरची बैठक मोकळी दिसे ती कांहीं अंशीं आंतल्या खोल्या भरलेल्या असत म्हणून. आजच्या हॉलमध्यें सून अभ्यास घेते, आजोबा निजतात, मुलें खेळतात. अशा खोलीनें जुन्या दिवाणखान्यासारखें रिकामें राहावें ही अपेक्षाच थोडी अन्यायाची आहे.

पुढचा इतिहास उतरणीचा आहे. इंग्रजी अमलांत खुर्ची व टेबल बैठकीशेजारीं येऊन बसलीं. वाड्यांत भाडेकरूंचीं बिऱ्हाडें झालीं आणि एकेका दिवाणखान्याचे फळ्यांच्या आडभिंती घालून दोन-तीन संसार झाले. लोखंडी खाट, तिच्याखालीं ट्रंका, अशी नवी रचना त्यांतून निघाली. ती दिसावयास ओबडधोबड, पण जागेचा हिशेब तिनें चोख ठेवला होता. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें भाडेकरूस आसरा मिळाला, परंतु गोठलेल्या भाड्यांत मालकास दुरुस्ती परवडेना. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठच्या पेठांतील असंख्य घरें वाहून गेलीं किंवा खचलीं. १९६३ सालीं मालकीच्या सदनिकांचा कायदा झाला. वाड्यांच्या जागीं इमारती उठूं लागल्या, आणि त्यांच्या भिंती इतक्या पातळ झाल्या कीं कोनाडा काढावयास जाडीच उरली नाहीं. भिंतीच्या पोटांतलें सामान खोलींत उतरलें. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं मुंबई दूरदर्शन सुरू झालें. पुढें पुण्याच्या घरोघरीं तो संच आला, तशी खिडकीकडे असलेली बसण्याची तोंडें त्याच्याकडे वळलीं. ‘दिवाण’ हा शब्द तेवढा राहिला. आतां त्याचा अर्थ भिंतीलगतची, पोटांत गाद्या-गोधड्या सांठविणारी पेटीची खाट.

वाडे पडूं लागल्यावर त्यांचें सागवानही बाजारांत आलें. कोरीव खांब, महिरपी, दरवाजे हौसेनें विकत घेतले जातात. पूर्वीं दोन माड्यांचा भार वाहिलेला एखादा खांब सिमेंटच्या छताखालीं, सोफ्याच्या शेजारीं उभा केलेला दिसतो. त्याच्यावर आतां कसलाच भार नसतो. दहा फुटी खोलीची एक फूट जागा मात्र तो अडवितो.