हातभर देवळे

घरगुती लघुवास्तूंच्या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्याला एक मोठी सोय आहे. पहिला नमुना पाहायला त्याला संग्रहालय गाठावे लागत नाही, तो बहुधा त्याच्याच स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात असतो. सागवानी देव्हारा, पितळी तुळशीवृंदावन, गणपतीचे मखर, अंगणातला दिवाळीचा किल्ला या साऱ्या वस्तूंनी आपले रूप वास्तूंकडून घेतले आहे. तरीही वास्तुकलेच्या अभ्यासकांनी त्यांना सुतारकामात ढकलले, आणि हस्तकलेच्या अभ्यासकांनी देवळाची नक्कल म्हणून सोडून दिले.

ही नक्कल नव्हे, हे पटवून घ्यायचे तर सिन्नरचे गोंदेश्वर पाहावे. भूमिज शैलीच्या त्या शिखरावर चारी बाजूंना मधोमध एकेक उभी लता वर चढत जाते आणि लतांमधल्या जागेत छोटी छोटी शिखरे ओळीने, एकावर एक रचलेली दिसतात. म्हणजे मोठे देऊळच लहान देवळांनी घडलेले आहे. भारतीय मंदिराच्या या घडणीची मंदिरवास्तूचे अभ्यासक ॲडम हार्डी यांनी बारकाईने मांडणी केली आहे. देऊळ लहान करून पाहण्याची सवय स्थपतीला आधीपासून होती. घरगुती सुताराने तीच पुढे नेली, असे मला वाटते.

पण नेताना त्याने एक मोठा बदल केला. देवळात शिखर उभे असते ते गर्भगृहाच्या जाड, आंधळ्या भिंतींवर. आत अंधार, दार अरुंद. देव्हाऱ्यात हे चालत नाही. रोज हात आत घालून टाक आणि मूर्ती बाहेर काढायच्या, स्नान घालायचे, गंध-फूल वाहायचे, तर समोरची बाजू मोकळीच हवी. म्हणून भिंती गेल्या आणि शिखर चार बारीक खांबांवर येऊन बसले. वास्तुशास्त्राच्या हिशेबाने हे अजबच आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे खांब आले कुठून? जुन्या मराठी घडणीचा देव्हारा घेतला, तर बहुतेकदा वाड्यातून. सुरूच्या झाडासारखा खाली फुगीर आणि वर निमुळता खांब, त्यावर महिरप, महिरपीच्या टोकाशी लोंबते केळफूल. पुण्याच्या विश्रामबागवाड्यात ही सुरूची घडण मोठ्या मापात पाहता येते. देव्हारा असा डोक्यावर देऊळ आणि खांद्याखाली वाडा असतो. तळाशी, जिथे देवळाच्या जोत्यावर गजथर यायचा, तिथे वाती आणि काडेपेटी ठेवायचा खण! मला तो खण शिखराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

माप कमी करताना सुताराला लाकडाचेही ऐकावे लागते. खांब हिशेबाने बारीक केला तर मोडेल, म्हणून तो प्रमाणापेक्षा जाड ठेवायचा. शिखराच्या माथ्यावरच्या आमलकाच्या सगळ्या पाकळ्या कोरत बसले तर रेषा उलून तुकडे पडतील, म्हणून मोजक्याच कोरायच्या. पावसाळ्यात फळी आडवी फुगते, म्हणून ती चौकटीच्या खाचेत सैल सोडायची. काय ठेवले आणि काय गाळले, यातच कारागिराची समज दिसते.

गुजरातेत जैन कुटुंबांच्या लाकडी घरदेरासरांनी, म्हणजे घरातल्या देवळांनी, हे काम फार नाजूकपणाच्या टोकाला नेले. त्यांतली काही आज परदेशी संग्रहालयांत आहेत. गोव्यातल्या देवळांच्या दीपस्तंभांवर चर्चच्या वास्तूची छाप आहे, हे आता सर्वमान्य आहे. तिथली अंगणातली वृंदावनेही त्याच नजरेने तपासायला हवीत. मखरांचा इतिहास तर आपल्या डोळ्यांदेखत बदलला. 2018 साली महाराष्ट्रात थर्माकोलवर बंदी आली, मखरवाल्यांनी त्या गणेशोत्सवापुरती सूट मागितली, उच्च न्यायालयाने ती नाकारली आणि पुठ्ठ्याच्या कमानी-घुमटांना बरे दिवस आले. किल्ल्यांबद्दल इथे जास्त लिहीत नाही. त्यांना स्वतंत्र ग्रंथ हवा, आणि तो मुलांना विचारूनच लिहावा लागेल.

अडचण काळ ठरवण्याची आहे. देव्हाऱ्यावर कारागिराचे नाव नसते, साल नसते, आणि वाटण्या होत होत तो मूळ गावाहून कुठल्या कुठे गेलेला असतो. जुन्या बाजारात पोहोचला की उरलीसुरली माहितीही संपली. म्हणून घरात आहे तोवर नोंद करावी. सोवळ्याचा मान राखून, सणापूर्वी देव घासायला बाहेर काढतात तेव्हा टेप आणि वही घेऊन बसावे. वयस्कर बायकांना आधी विचारावे, कारण दुरुस्त्या त्यांना आठवतात. समोरचे कोरीव काम शेवटी पाहावे. आधी देव्हारा भिंतीपासून ओढून पाठ बघावी: तिथे कोणी रंधा मारत बसलेले नसते. फळीवर करवतीच्या सरळ, कमी-जास्त अंतराच्या रेघा असतील तर लाकूड हाताने कापलेले असण्याचा संभव मोठा. कमानदार रेघा असतील तर ते गोल पात्याच्या यंत्रावरून आलेले आहे, मग घरचे ते कितीही पिढ्यांचे सांगोत.