मद्यपी वाहनचालक, रक्तपरीक्षा आणि नकार : भोकरच्या निमित्ताने

मद्यपान करून वाहन चालविणाऱ्यास कोणती शिक्षा व्हावी, यापेक्षा त्याने मद्यपान केले होते हे कशावरून ठरवावे, हा प्रश्न कायद्याच्या इतिहासात अधिक बिकट ठरला आहे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यास गुन्हा ठरण्यासाठी वाहनावरील ताबा सुटण्याइतका मद्याचा अंमल अभिप्रेत होता. परंतु त्याचे माप त्यात नव्हते. म्हणून पुरावा असे तो तोंडाचा वास, डळमळती चाल आणि अडखळते बोलणे यांचा. यांतील शेवटच्या लक्षणाविषयी भाषेच्या अभ्यासकास शंका आल्यावाचून राहत नाही. मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच बाजारात कानी पडतात अशा भोकरसारख्या गावी कोणाचे बोलणे असंबद्ध, हे ऐकणाराच्या कानावरही अवलंबून असते.

भोकरचा कायदेविषयक इतिहास हा सीमेचा इतिहास होय. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन होऊन भोकर मुंबई राज्यात आले. नांदेड जिल्ह्यातीलच मुधोळ-भैंसा हा भाग आंध्र प्रदेशाकडे गेला. मोटारींचा कायदा दोहोंकडे एकच राहिला. दारूचा कायदा मात्र राज्याच्या अखत्यारीतला. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा १९५९ च्या अधिनियमाने मराठवाड्यास लागू झाला. त्याच अधिनियमाने रक्तातील मद्यार्काचे शेकडा ०.०५ हे प्रमाण ठरविले. तेवढे वा त्याहून अधिक प्रमाण आढळल्यास, आपण घेतले ते औषधादी निर्बंधमुक्त द्रव्य होते, हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला. रक्त देण्यास विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढे बळ वापरण्याची मुभा मिळाली, आणि तो विरोधही गुन्हा ठरला.

धुळ्याच्या एका मोटारचालकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली असा निर्णय दिला की, या नव्या पद्धतीव्यतिरिक्त अन्य रीतीने झालेली रक्तपरीक्षाही पुराव्यात ग्राह्य ठरू शकते. उलट १९७१ साली त्याच न्यायालयाने वास, चाल, बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मद्यपानाचा निश्चित निष्कर्ष काढण्यास नकार दिला. लक्षणांचे वजन घटले, अंकाचे वाढले.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने रक्तातील कितीही अल्प मद्यार्क दंडनीय मानला. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडा ०.०३, ही मर्यादा घातली. पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास वा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा होती. २०१९ च्या दुरुस्तीने दंड दहा हजार झाला. पुनरपराधास दोन वर्षांपर्यंत कारावास वा पंधरा हजार दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. श्वासपरीक्षा नाकारणारा मद्य प्यालेला असावा असा सकारण संशय असल्यास पोलीस त्यास अधिपत्राविना अटक करू शकतात. आणि वाजवी कारण न दाखविल्यास न्यायालय तो नकार अभियोगाच्या पुराव्यास पोषक मानू शकते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. १९५९ चा कायदा नकारावर बळाने मात करतो. १९८८ चा कायदा नकाराला बोलावयास लावतो. तथापि त्याने मौनास गुन्ह्याची कबुली मानलेले नाही, केवळ पूरक परिस्थिती मानले आहे, आणि वाजवी कारणास जागा ठेवली आहे. ही जागा अरुंद असली, तरी ज्याची भाषा चौकीत नीट समजत नाही अशा सीमेवरील चालकास तीच आधाराची होय. परीक्षा कशासाठी, नकाराचा परिणाम काय, हे त्यास त्याच्या बोलीत सांगितले गेले होते काय, हा प्रश्न म्हणूनच गौण मानता येणार नाही.