घागरीचा हिशोब

लोकसंख्येचं नाव निघालं की बोट आमच्या वस्तीकडं वळतं. का, तर म्हणे आमच्यात पोरं जास्त. गाव वाढलं, विहीर तेवढीच, म्हणून टंचाई. हे गणित मी शाळेपासून ऐकतोय. यात माणसं मोजतात, कोण किती पाणी ओढतं ते मोजत नाहीत. म्हणून आमच्या परभणीच्या पाण्याचाच इतिहास मांडतो.

1972 चा दुष्काळ. माझी आजी जिंतूर तालुक्यात खडी फोडायला होती. पोटाला मिलो, नाहीतर सुकडी. त्याच तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं धरण 1968 लाच पुरं झालेलं. गावात मात्र ती घागर घेऊन विहिरीपासून लांब बसायची. वरून कुणी ओतलं तर पाणी. महाडचं चवदार तळं 1927 चं, आणि 45 वर्षांनी आमच्याकडं ही तऱ्हा. "पाणी व्हतं की रं बाबा, वतणारी नव्हती," असं ती सांगायची. गावात निम्मी माणसं असती तरी ती तिथंच बसली असती.

त्याच्या चार वर्षं आधी, 1968 ला, पॉल एर्लिक या अमेरिकन प्राध्यापकाचं 'पॉप्युलेशन बॉम्ब' आलं. सुरुवातीलाच दिल्लीतली रात्र आहे. साहेब टॅक्सीत बसून रस्त्यावरची माणसं बघतात आणि घाबरतात. टॅक्सीचं पेट्रोल कुणी मोजायचं? पुढं 1971 ला त्यांनीच होल्ड्रेनबरोबर सूत्र मांडलं: निसर्गाचं नुकसान म्हणजे डोकी गुणिले दर डोक्यामागचा भार. दुसरा आकडा आमच्याकडं आलाच नाही. डोकी तेवढी आली.

1976 ला ती डोकी मोजायला जीप आली. आमच्या चुलत्याला कर्जाचं काम म्हणून नेलं आणि नसबंदी करून परत सोडलं. 1976-77 या एका वर्षात देशात 82 लाखांवर नसबंद्या झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीचं विधेयकच मंजूर केलं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. संततिनियमन आम्हाला शिकवायची गरज नव्हती. बाबासाहेबांच्या पक्षाच्या रोहमांनी 1938 लाच मुंबई विधिमंडळात तसा ठराव आणला होता, बाईच्या जिवासाठी. तेव्हा सभागृहानं तो फेटाळला! आणि त्याच्याही 20 वर्षं आधी, 1918 च्या लहान शेतीवरच्या निबंधात बाबासाहेब सांगून गेले की जमीन पुरते की नाही हे नुसत्या एकरावर ठरत नाही. तिच्यावर भांडवल किती, अवजारं किती, रिकामे हात किती, ते बघा. त्या हातांना उद्योग द्या.

त्याच 1976 साली पैठणला जायकवाडी पुरं झालं. डावा कालवा परभणीकडं येतो. कालवा आला, त्याच्यामागं ऊस आला. 1979 ला दांडेकर, देऊस्कर, देशमुख यांच्या समितीनं आठमाही पाण्याचा विचार मांडला: बारमाही उसाला लावण्यापेक्षा तेच पाणी जास्त शेतांना द्या. ऊसवाल्यांना ते कसं पचावं! राज्यात ऊस लागवडीच्या जमिनीपैकी 4 टक्क्यांच्या आसपास, आणि सिंचनाचं पाणी पितो जवळपास 70 टक्के. ज्याच्या नावावर जमीनच नाही त्याच्या दारावरून कालवा नुसता वाहतो. दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि 1964 ला भूमिहीनांना तुरुंगात नेलं ते याच जमिनीसाठी.

आता भागाकार करू. 2019 पासून सरकारी माप खेड्यातल्या माणसाला दिवसाला 55 लिटर. वर्षाचे झाले 20 हजार लिटर. पाटानं भिजवलेल्या उसाला हेक्टरी साधारण 2 कोटी लिटर लागतात. म्हणजे एका हेक्टर उसात हजार माणसांचं वर्षाचं पाणी. 2011 च्या जनगणनेत परभणी जिल्हा 18,36,086 माणसांचा. सगळ्यांना याच मापानं पाणी द्यायचं, पोराबाळांसकट, तर साडेअठराशे हेक्टर उसाचं पाणी पुरतं.

हा हिशोब मी वहीत तीनदा केला. आजी गेली, तिची पितळी घागर घरात आहे. तिच्यात 12 लिटर मावतं.