पोलादावरचे दप्तर

ज्या हत्यारावर एखाद्या राज्याने दोन-तीन पिढ्या आपला भरवसा ठेवला, ते हत्यार सेवेतून खारीज झाले म्हणजे त्याच्या वाट्याला काय येते, या प्रश्नाकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष अभावानेच जाते. तलवार, कट्यार आणि पट्टा यांना वस्तुसंग्रहालयात मानाची जागा मिळाली. परंतु जी रायफल पोलीस चौकीच्या पहारेकऱ्यापासून एन.सी.सी.च्या कवायतीपर्यंत सर्वत्र वावरली आणि जिला आपण सारे 'थ्री-नॉट-थ्री' म्हणून ओळखतो, तिच्या अंगावर इतिहासाची केवढी नोंद कोरलेली आहे याची वास्तपुस्त आपण क्वचितच घेतो. सातासमुद्रापलीकडील काही संग्राहकांनी मात्र ती घेतली आहे.

स्कॉटलंडात जन्मलेल्या, कॅनडात वाढलेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या जेम्स पॅरिस ली या कारागिराने योजिलेली या रायफलीच्या बोल्टची रचना ब्रिटिश लष्कराने १८८८ मध्ये स्वीकारली. १८९५ मध्ये तिला एनफील्डच्या कारखान्यात सिद्ध झालेली नवी नळी मिळाली, आणि १९०७ मध्ये तिचे 'मार्क तीन' हे सर्वांच्या परिचयाचे रूप ठरले. दहा काडतुसांची पेटी, आखूड व सुलभ चालणारा बोल्ट आणि धुळीचिखलात न अडणारी यंत्रणा या गुणांमुळे ती साम्राज्याच्या सर्व फौजांची रायफल बनली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच हुगळीच्या काठी ईशापूर येथील सरकारी कारखान्यात तिची घडण सुरू झाली, आणि लंडनचा हुकूम व बंगालच्या कारागिराचा हात यांची तेथे जी गाठ पडली, तिची साक्ष प्रत्येक नगावर उमटली.

ती साक्ष वाचावयाची तर रायफल उजव्या कुशीवरचे ठसे दिसतील अशी धरावी. बोल्टच्या दांड्यामागे, दस्ता जेथे पोलादी खोबणीत बसतो, तेथे मुकुट, त्याखाली 'जी.आर.आय.' ही बादशहा जॉर्ज याची अक्षरे, खाली कारखान्याचे नाव आणि सन आढळतो. प्रजासत्ताकाच्या काळातील नगावर मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आणि 'आर.एफ.आय.' (रायफल फॅक्टरी, ईशापूर) ही अक्षरे आलेली दिसतात. बोल्टच्या दांड्यावरील क्रमांक आणि मूळ सांगाड्यावरील क्रमांक एकच असेल तर हे दोन अवयव जन्मापासून सोबती आहेत असे समजावे. लाकडी अंगात आडवा घातलेला एक स्क्रू हा खास ईशापूरचा प्रघात होय. काही नगांच्या पुढील भागावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली असते. त्या रायफलीच्या तोंडाशी पेला बसवून हातबॉम्ब फेकले जात, आणि त्या धक्क्याने लाकूड फुटू नये म्हणून हा बंदोबस्त केलेला असे.

या ठशांत राज्यकर्त्याचे मनही उमटते, आणि ते सर्वाधिक स्पष्ट दिसते '४१० मस्केट' या नावाच्या रूपांतरात. झिजलेल्या ३०३ रायफलींच्या नळ्या खरवडून गुळगुळीत करावयाच्या, काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसवावयाचा, आणि एका वेळी एकच बार उडेल अशी व्यवस्था करून ते हत्यार पोलीस व तुरुंगाचे शिपाई यांच्या हाती द्यावयाचे, असा हा खाक्या होता. तिचे काडतूसही बाजारात मिळणारे नव्हते. ३०३ च्याच पितळी नळकांड्याचे तोंड न आवळता ते तयार केलेले असे, जेणेकरून बंदूक भलत्याच्या हाती पडली तरी तिचा उपयोग होऊ नये. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने प्रजेला नि:शस्त्र करणाऱ्या सरकारचा स्वत:च्या शिपायावरही पुरता विश्वास नव्हता, ही गोष्ट कोणत्याही खलित्यापेक्षा तो लाकडी ठोकळा अधिक निर्भीडपणे सांगतो.

स्वातंत्र्यानंतरचे प्रकरणही असेच बोलके आहे. १९६२ च्या चिनी आक्रमणाने जो धक्का दिला, त्यानंतर ईशापूरने तीच जुनी रचना अधिक बळकट पोलादात घडवून ७.६२ मिलिमीटरच्या नव्या काडतुसासाठी सिद्ध केली. '२ए' आणि पुढे '२ए१' या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या या रायफलीला बारा काडतुसांची चौकोनी पेटी होती. पहिल्या प्रकारातील २००० यार्डांची जुनी नेमपट्टी दुसऱ्या प्रकारात ८०० मीटरवर आली. साम्राज्याच्या महत्त्वाकांक्षेने आखलेले ते अंतर एका नव्या राष्ट्राच्या गरजेने आणि हिशेबी बुद्धीने आटोपशीर केले.

ही हत्यारे परदेशी कशी गेली, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जगभरच्या सरकारांनी आपली कोठारे रिकामी केली, आणि अमेरिकेत शिल्लक रायफली टपालानेसुद्धा मिळू लागल्या. अशाच रीतीने मागविलेल्या एका इटालियन रायफलीने १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा बळी घेतला. १९६८ च्या कायद्याने अशी आयात रोखली, आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यात जुन्या, संग्रहयोग्य शस्त्रांपुरती ती पुन्हा खुली झाली. त्यानंतर ईशापूरच्या रायफली तेथे मोठ्या संख्येने उतरल्या. २००३ मध्ये तर काठमांडूच्या जुन्या शिलेखान्यातील ब्रन्सविक, स्नायडर आणि मार्टिनी-हेन्री बंदुका, तसेच नेपाळातच घडलेल्या गहेंद्र रायफली, एकगठ्ठा विकल्या जाऊन अमेरिकेस रवाना झाल्या.

अशा रायफलींचा खरा संग्राहक लाकूड घासून चकचकीत करीत नाही, कारण घासल्याने ठसे पुसले जातात. चांदमारीस नेण्यापूर्वी तो बोल्ट व काडतुसाची बैठक यांतील अंतर मापाने तपासतो, आणि 'डी.पी.' हा कवायतीपुरत्या हत्याराचा ठसा दिसला तर ती रायफल तो कधीही झाडीत नाही. येथे महाराष्ट्राचा धागा जुळतो, कारण त्याच्या हातातील जुन्या ३०३ काडतुसाच्या बुडावर 'के.एफ.' ही अक्षरे असली तर ते पुण्याजवळील खडकीच्या, १८६९ पासून चालत आलेल्या कारखान्यातले असते, आणि ७.६२ च्या काडतुसावरील 'ओ.एफ.व्ही.' ही अक्षरे जळगाव जिल्ह्यातील वरणगावची असतात. जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायन नळीत क्षार मागे ठेवते. तो हवेतील ओल शोषून पोलाद खातो आणि नुसत्या तेलाने निघत नाही. म्हणून अनुभवी माणूस प्रथम नळीतून कढत पाणी ओततो, चिंधीने ती कोरडी करतो, आणि मगच तेलाचा हात फिरवतो. ब्रिटिश फौजेतील शिपायाचाही हाच शिरस्ता होता, आणि त्यात जो शिस्तीचा संस्कार आहे तो ग्रंथ वाचून लाभत नाही.

आपल्याकडील कायदा अशा खाजगी संग्रहाला फारसा वाव देत नाही, आणि शस्त्रांचा सुळसुळाट होऊ नये ही त्यामागची दृष्टी मला सर्वस्वी मान्य आहे. परंतु जे नागरिकाने करावयाचे नाही, ते राज्याने अवश्य केले पाहिजे. एकेका राज्याचे पोलीस दल या रायफलीला निरोप देऊन ती बाजूस ठेवीत असताना, भट्टीत जाण्यापूर्वी प्रत्येक प्रकाराचा एक तरी नग निवडावा. तो निकामी करून, ठशांची छायाचित्रे आणि सविस्तर वर्णन यांसह जिल्ह्याच्या संग्रहालयात ठेवावा. आणि खडकी-वरणगावच्या काडतुसांनाही त्याच्या शेजारी स्थान द्यावे. पेशव्यांच्या दप्तराचे रुमाल ज्या निष्ठेने आपण जतन केले, त्याच निष्ठेस हे पोलादी कागदही पात्र आहेत. ते वाचावयास आपल्या विद्यार्थ्याला परदेशी जावे लागू नये, एवढी तरतूद करणे आज आपल्या हाती आहे.