संकेतस्थळाची परीक्षा : भेटींची मोजदाद आणि बदलांची चाचणी

म्हैसूरचा दसरा दहा दिवस चालतो आणि विजयादशमीच्या हत्तींच्या मिरवणुकीने त्याची सांगता होते. समजा, तेथील एका रेशमी साड्यांच्या विक्रेत्याने दसऱ्याच्या तोंडावर आपल्या संकेतस्थळाचे मुखपृष्ठ बदलले आणि पुढील पंधरवड्यात साड्यांची मागणी दुप्पट झाली. याचे श्रेय नव्या मुखपृष्ठाला द्यावे की दसऱ्याला? नव्या रचनेवर केलेला खर्च सार्थकी लागला की नाही, हे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे. वेब विश्लेषण आणि संकेतस्थळ चाचणी ही दोन तंत्रे असेच उत्तर शोधण्यासाठी वापरली जातात.

काय मोजले जाते?

संकेतस्थळावर कोणी आले की त्याची नोंद दोन प्रकारे होऊ शकते. पहिली नोंद सर्व्हर स्वतःच ठेवतो. दुसऱ्या प्रकारात पानात एक छोटी संगणकीय आज्ञावली बसवलेली असते. ती वाचकाच्या ब्राउझरमध्ये 'कुकी' नावाची खूण ठेवते आणि पुढील भेटीत त्या खुणेवरून ओळख पटवते. मात्र ही ओळख माणसाची नसून ब्राउझरची असते. एकच व्यक्ती सकाळी मोबाइलवरून आणि रात्री संगणकावरून आली, तर सामान्यतः दोन वाचक मोजले जातात.

भेटींची एकूण संख्या मोठी दिसते, पण तिच्यावरून फारसे काही कळत नाही. ५,००० भेटींतून १०० जणांनी साडी मागवली, तर मागणीचे प्रमाण २ टक्के होते. या प्रमाणाला 'कन्व्हर्जन रेट' म्हणतात. संकेतस्थळाचा हेतू आधी निश्चित केल्याखेरीज हे प्रमाण ठरवता येत नाही.

आधी आणि नंतरच्या तुलनेतील दोष

सणाच्या दिवसांत संकेतस्थळावर येणारा ग्राहक खरेदीचा निश्चय करूनच आलेला असू शकतो. त्यामुळे बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या आकड्यांची तुलना केल्यास पानाचा परिणाम आणि हंगामाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. यावर उपाय म्हणजे 'ए-बी चाचणी'. यात जुने व नवे पान एकाच काळात चालू ठेवले जाते आणि कोणाला कोणते पान दिसावे, हे नाणेफेकीप्रमाणे दैवयोगावर सोपवले जाते. दसऱ्याचा प्रभाव दोन्ही गटांवर सारखाच पडतो. उरलेला फरक मग पानाचा किंवा निव्वळ योगायोगाचा असतो.

शेतातून आलेली पद्धत

ही कल्पना संगणकयुगाच्या आधीची आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२० च्या दशकात रॉथमस्टेड येथील कृषी संशोधन केंद्रात तिची मांडणी केली. जमिनीचा कस जागोजागी बदलतो, म्हणून कोणत्या वाफ्याला कोणते खत द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, असा त्यांचा आग्रह होता. भारतात ही पद्धत रुजवणाऱ्यांत वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांचा समावेश होतो. कृषी संशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींवरील ग्रंथ भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९५४ मध्ये प्रकाशित केला.

किती भेटी पुरेशा?

जुन्या पानावरील १,००० भेटींतून २० आणि नव्या पानावरील १,००० भेटींतून २६ मागण्या आल्या, तर नवे पान सरस वाटते. परंतु दोन्ही पाने सर्वस्वी सारखी असती, तरीही एवढा किंवा याहून मोठा फरक सुमारे ३ पैकी एका वेळी केवळ योगायोगाने दिसला असता. २ टक्के आणि २.६ टक्के यांतील फरक भरवशाने ओळखण्यासाठी प्रत्येक गटात साधारणपणे १० हजार भेटी लागतात. ही संख्या आधीच ठरवावी. रोज आकडे पाहून अनुकूल निकाल दिसताच चाचणी थांबवणे, ही नवशिक्यांकडून हमखास होणारी चूक आहे.

महिन्याला काही शेच भेटी मिळणाऱ्या दुकानाने अशा चाचणीच्या मागे लागू नये. ग्राहक कोणत्या पायरीवर माघारी फिरतात हे पाहणे आणि पाच-दहा जणांशी प्रत्यक्ष बोलणे त्याला अधिक लाभदायक ठरेल.

साधने आणि संमती

अर्चिन ही कंपनी विकत घेऊन गुगलने २००५ मध्ये आपली विश्लेषण सेवा सुरू केली. तिच्या जुन्या आवृत्तीने १ जुलै २०२३ पासून नवी माहिती स्वीकारणे थांबवले. गुगलची 'ऑप्टिमाइझ' ही चाचणी सेवाही त्याच वर्षी ३० सप्टेंबरला बंद झाली. साधने अशी बदलत राहतात. त्यामुळे शिकणाऱ्याने एखाद्या साधनाऐवजी मूळ तत्त्वांवर भर द्यावा.

फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये ६,८९,००३ सदस्यांना दिसणाऱ्या मजकुरात फेरफार करून त्यांच्या भावनांवरील परिणाम तपासला होता. २०१४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाल्यावर, सदस्यांना कल्पना न देता तो केल्याबद्दल तीव्र टीका झाली. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत झाला असून, वैयक्तिक माहितीच्या वापरात संमतीला त्याने मध्यवर्ती स्थान दिले आहे. मोजदाद लहान दुकानाची असली, तरी मोजली जाणारी माणसे आहेत, याचा विसर पडू नये.