‘बॅटमॅन रिटर्न्स’ नेमका कुणाला आवडला नाही?

सिनेमाच्या इतिहासात एक शब्दप्रयोग फार सोयीचा आहे: ‘संमिश्र प्रतिसाद’. काहींना आवडला, काहींना नाही, एवढं म्हटलं की पुढच्या सिनेमाकडे वळता येतं. माझ्यासारख्या संशोधकाचं काम मात्र तिथंच सुरू होतं. ते ‘काही’ कोण होते? ते कुणाशी बोलत होते? आणि त्यांचं बोलणं आपल्यापर्यंत कशामुळे पोचलं?

माझा प्रबंध अमेरिकी सुपरहिरोपटांना मिळालेल्या प्रतिसादाच्या इतिहासावर आहे. त्यातलं एक प्रकरण टिम बर्टनच्या ‘बॅटमॅन रिटर्न्स’बद्दल आहे. १९ जून १९९२ ला अमेरिकेत प्रदर्शित झालेला हा सिनेमा त्या काळातला सगळ्यात उदास सुपरहिरोपट म्हणता येईल. त्याबद्दलचं माझं म्हणणं सोपं आहे. लोकांचं एका प्रश्नावर दुमत झालं, असं इथं घडलंच नाही. वेगवेगळे लोक वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, आणि नंतर आपण त्या सगळ्यांची सरासरी काढली.

आधी थोडी पार्श्वभूमी

बॅटमॅनचा जन्म १९३९ चा, ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकातला. तेव्हापासून त्याची दोन रूपं आलटून पालटून दिसतात. एक रात्रीचा, सूडानं पेटलेला. दुसरा मुलांचा, रंगीत आणि निरुपद्रवी. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं मांडणारं पुस्तक लिहिलं, आणि त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. १९६६ ते १९६८ मधली ॲडम वेस्टची टीव्ही मालिका दुसऱ्या रूपाची. अमेरिकेच्या एका अख्ख्या पिढीला बॅटमॅन म्हटलं की तोच हसरा, पोट सुटलेला माणूस आठवायचा. पुढे १९८६ मध्ये फ्रँक मिलरच्या ‘द डार्क नाइट रिटर्न्स’नं पहिलं रूप परत आणलं, तेही आणखी काळं करून.

थोडक्यात, ‘बॅटमॅन कुणाचा?’ हे भांडण बर्टनच्या आधीपासूनचं. १९८८ मध्ये तर डीसी कॉमिक्सनं वाचकांना थेट मतदान करायला लावलं: दुसरा रॉबिन, जेसन टॉड, जगावा की मरावा? दोन फोन नंबर दिले होते आणि प्रत्येक कॉलला ५० सेंट पडायचे. मरावा म्हणणारे कॉल ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. फरक फक्त ७२ चा. रॉबिन मेला.

हा आकडा मला फार आवडतो, कारण तो दिसतो नेमका आणि असतो निसरडा. त्यात मोजलेत ते कॉल, माणसं नव्हे. एकाच माणसानं कितीही वेळा फोन करायला कुणाची आडकाठी नव्हती. प्रतिसादाच्या इतिहासातला पहिला धडा तो हाच. ‘वाचकांनी ठरवलं’ असं वाचलं, की मोजणी कशाची झाली ते आधी विचारायचं.

१९८९ चालला, १९९२ का खुपला?

बर्टनचा पहिला ‘बॅटमॅन’ १९८९ चा. मायकल कीटन या विनोदी नटाला बॅटमॅन केलं म्हणून जुन्या चाहत्यांनी स्टुडिओकडे निषेधाच्या पत्रांचा पाऊस पाडला होता, तोही सिनेमाचं एक दृश्य न बघता. त्यांना भीती होती की हा पुन्हा ॲडम वेस्ट होणार. सिनेमा आला आणि ती भीती विरून गेली. अमेरिकेत त्यानं सुमारे २५.१ कोटी डॉलरचा धंदा केला.

दुसरा सिनेमा आला तेव्हा पहिल्या तीन दिवसांत ४.५७ कोटी डॉलर जमले. तोवरचा तो उच्चांक होता. पण पुढे गर्दी झपाट्यानं ओसरली, आणि अमेरिकेतली एकूण कमाई १६.३ कोटींच्या आसपास थांबली. सिनेमा बुडाला असं कुणीच म्हणणार नाही. तरी पहिल्या भागाच्या मानानं ही घसरण मोठी होती, आणि वॉर्नर ब्रदर्सला ती लागली.

याचं नेहमी दिलं जाणारं कारण म्हणजे ‘सिनेमा फार हिंसक होता’. मला ते पुरेसं वाटत नाही. १९८९ चा जोकर हस्तांदोलन करता करता माणसाला विजेचा झटका देऊन कोळसा करतो, विषारी वायू सोडून शहर मारायला निघतो. तिथं हिंसा काही कमी नाही. पण तिथं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं हे प्रेक्षकाला पक्कं ठाऊक असतं. १९९२ मध्ये तेच उरत नाही.

सिनेमाची सुरुवातच बघा. नाताळची रात्र आहे. एक श्रीमंत जोडपं आपल्या व्यंग असलेल्या तान्ह्या मुलाला टोपलीत घालून गटाराच्या पाण्यात सोडून देतं. हा पुढे पेंग्विन होतो. सेलिना काइल ही साहेबाकडून सतत पाणउतारा होणारी सेक्रेटरी. साहेबाचं गुपित तिच्या हाती लागतं आणि तो तिला खिडकीतून खाली ढकलतो. त्यातून उठून घरी आल्यावर ती आपलंच गुलाबी घर फोडते, काळा कोट फाडून त्याचा पोशाख शिवते. ती कॅटवुमन. या दोघांसमोर बॅटमॅन स्वतः कमीच दिसतो, आणि दिसतो तेव्हा एका गुंडाच्या अंगाला बॉम्ब बांधून चक्क हसतो. सिनेमाभर सगळ्यात ‘नीट’ वागणारा, सभ्य कपड्यांतला, लोक टाळ्या वाजवतात असा माणूस म्हणजे सेलिनाचा तो साहेब, उद्योगपती मॅक्स श्रेक. खरा राक्षस तोच.

शेवटी पेंग्विन मरतो तेव्हा एम्परर पेंग्विन त्याचं प्रेत हळूहळू पाण्यात नेतात, अंत्ययात्रेसारखं. खलनायक मेला म्हणून आनंद व्हायच्या जागी गळ्यात काहीतरी अडकतं. माझ्या मते प्रेक्षकांना खुपलं ते रक्तापेक्षा हे दुःख. रक्ताची सवय होती. खलनायकासाठी रडायची नव्हती.

पालक कशावर चिडले?

आता तक्रारींकडे येऊ. सगळ्यात गाजली ती पालकांची तक्रार. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’सारख्या वर्तमानपत्रांत पालकांची पत्रं छापून आली. ती वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बऱ्याचदा रोख बर्टनवर असण्यापेक्षा मॅकडोनाल्ड्सवर असतो.

सिनेमाला पीजी-१३ हे प्रमाणपत्र होतं. हा वर्ग अमेरिकेत १९८४ मध्ये सुरू झाला. त्याचा अर्थ असा, की काही भाग १३ वर्षांखालच्या मुलांना योग्य नसेल, पालकांनी विचार करावा. (आपल्या ‘यू/ए’च्या जवळपासचं म्हणा.) त्याच वेळी मॅकडोनाल्ड्स लहान मुलांच्या हॅपी मीलबरोबर याच सिनेमातल्या पात्रांच्या खेळण्यातल्या गाड्या देत होतं. त्या गाड्यांपैकी एक पेंग्विनची, फिरत्या छत्रीची. पडद्यावर ज्याच्या तोंडातून काळा चिकट द्रव गळतो, तोच हा पेंग्विन.

म्हणजे एक पाटी सांगते ‘जपून’, आणि दुसरी सांगते ‘या बाळांनो’. पालकांची तक्रार या दोन पाट्यांमधल्या विसंगतीची होती. कंपनीनं बाजू मांडली ती अशी, की खेळणी बॅटमॅन या पात्राची मजा मुलांना देण्यासाठी होती, त्यांना सिनेमाला आणण्यासाठी नाही. हा बचाव त्या काळी फारसा कुणाला पटला नाही. इतिहासकाराला मात्र तो सोन्यासारखा आहे. पात्र वेगळं आणि सिनेमा वेगळा, हे एका कंपनीनं स्वतःहून मान्य केलं होतं!

समीक्षकांचं भांडण निराळंच. रॉजर ईबर्टनं चारपैकी दोन तारे दिले. त्याचं म्हणणं होतं की सुपरहिरो आणि फिल्म न्वार यांचं जमतच नाही. एकाला शक्तीचं स्वप्न लागतं, दुसऱ्याला हतबलता. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जॅनेट मॅस्लिनला मात्र सिनेमा आवडला. याच वर्तमानपत्रात जुलैमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी लेख लिहून वेगळाच आक्षेप घेतला. पेंग्विनचं बाकदार नाक, हेरिंग माशांची आवड, टोपलीत वाहत गेलेलं बाळ, घराघरातली थोरली मुलं मारायचा त्याचा बेत. हे सगळं यहुद्यांबद्दलच्या जुन्या द्वेषमूलक चित्रांतून आलंय, असं त्यांचं म्हणणं. त्यावरही वाद झाला.

आता हे तिन्ही एका ओळीत ठेवून बघा. आई विचारते, ‘माझ्या मुलाला तुम्ही काय विकलंत?’ समीक्षक विचारतो, ‘हे दोन प्रकार एकत्र नांदतात का?’ विद्यार्थी विचारतात, ‘हा चेहरा कुठून आणलात?’ तिघांची उत्तरं ‘नापसंत’ या एकाच रकान्यात टाकली, तर प्रश्न पुसले जातात. सिनेमागृहाबाहेर पडणाऱ्यांकडून श्रेणी गोळा करणाऱ्या सिनेमास्कोअरमध्ये या सिनेमाला ‘बी’ मिळाला. सगळ्यांना बरा वाटला तरी सरासरी ‘बी’ येते. अर्ध्यांनी ‘ए’ आणि अर्ध्यांनी ‘सी’ दिला तरी ‘बी’च. त्या एका अक्षरातून ही दोन सिनेमागृहं वेगळी ओळखता येत नाहीत.

जे बोललेच नाहीत

माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग इथं येतो. १९९२ च्या या सगळ्या गदारोळात एक आवाज जवळजवळ नाही. तो मुलांचा. मुलं घाबरली असं सांगणारे सगळे मोठे. आठ वर्षांचं मूल वर्तमानपत्राला पत्र लिहीत नाही. कदाचित ते खरंच घाबरलं असेल. कदाचित टाकून दिलेल्या बाळाची गोष्ट त्याला आपली वाटली असेल. दोन्ही एकाच वेळी घडलं असेल, हेही शक्य आहे.

यावर उपाय म्हणून संशोधकांनी दोन वाटा काढल्या. १९९१ मध्ये रोबर्टा पिअर्सन आणि विल्यम उरिक्किओ यांनी बॅटमॅनवरच्या लेखांचा एक संग्रह संपादित केला. त्यात कॅमिल बेकन-स्मिथ आणि टायरोन यारब्रो यांनी १९८९ च्या सिनेमाचे प्रेक्षक प्रत्यक्ष भेटून, बघून, ऐकून नोंदवले. ही पहिली वाट, म्हणजे त्याच वेळी तिथं हजर असण्याची. त्याच संग्रहात लिन स्पिगल आणि हेन्री जेन्किन्स यांनी मोठ्या झालेल्या माणसांना १९६६ च्या मालिकेच्या आठवणी विचारल्या. ही दुसरी वाट. तिचा धोका तेही ओळखून आहेत. माणूस बालपण आठवतो तेव्हा आजच्या स्वतःबद्दलही बोलत असतो.

‘बॅटमॅन रिटर्न्स’च्या बाबतीत आता दुसरीच वाट उरलीय. त्या वेळची मुलं आज चाळिशीत आहेत. आज बरेच जण हा सिनेमा नाताळात आवर्जून बघतात, मिशेल फायफरच्या कॅटवुमनला सर्वोत्तम मानतात. म्हणून ‘तेव्हा लोकांना कळला नाही, आता कळला’ असं लिहायचा मोह होतो. मी तो टाळते. १९९२ ची चिडलेली आई चुकली होती असं यातून सिद्ध होत नाही. तिचा प्रश्न आजही जागेवर आहे. फक्त तेव्हा गप्प असलेली माणसं आता बोलू लागलीत.

ऐकलं कुणाचं गेलं?

हा सगळा कीस काढायचा तो एवढ्यासाठी, की प्रतिसाद नुसता नोंदला जात नाही, त्यातून पुढचा सिनेमा ठरतो. वॉर्नर ब्रदर्सनं ज्या गटाचं ऐकलं, त्या गटामागे खेळण्यांचा आणि बर्गरचा बाजार उभा होता. तिसऱ्या भागाचं दिग्दर्शन बर्टनकडून जोएल शूमाकरकडे गेलं. १९९५ चा ‘बॅटमॅन फॉरेव्हर’ उजळ, रंगीत निघाला, मॅकडोनाल्ड्सनं त्याचे काचेचे मग विकले, आणि अमेरिकेतली कमाई १८.४ कोटी डॉलरवर गेली. स्टुडिओच्या हिशेबानं ‘प्रेक्षक’ खूश झाले. त्याच वाटेनं आणखी पुढे जाऊन १९९७ मध्ये ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ आला, १०.७ कोटींवर अडकला, आणि पुढची आठ वर्षं बॅटमॅनचा नवा सिनेमा आला नाही.

म्हणून ‘संमिश्र प्रतिसाद’ हे शब्द दिसले की मी तीन गोष्टी विचारते: तक्रार कुणाकडे केली होती, ती कुठे जपून राहिली, आणि तिच्यावरून पुढे कुणी काय निर्णय घेतला. पालकांच्या पत्रांना वर्तमानपत्र मिळालं, समीक्षकांना रकाना मिळाला, स्टुडिओला आकडे मिळाले. अंधारात बसून पेंग्विनच्या अंत्ययात्रेला रडलेल्या मुलाला यातलं काहीच मिळालं नाही. तरी त्यानं तो सिनेमा पाहिला होता, आणि त्याचं तिकीटही त्याच १६.३ कोटींत मोजलं गेलं आहे.

पुढच्या लेखात त्या खेळण्यांच्या जाहिरातींकडे वळू. सिनेमाचा इतिहास लिहिताना प्लास्टिकची छोटी गाडी पुरावा म्हणून कशी वाचायची, याबद्दल.