एच-१बी व्हिसा : शेजारच्या देशातील ‘स्टॅम्पिंग’ची वाट कशी बंद झाली?

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या भारतीयांना व्हिसाची मुदत संपल्यावर मायदेशी न येता कॅनडा किंवा मेक्सिकोतील अमेरिकी वाणिज्य दूतावासातून नवा व्हिसा घेण्याची सोय अनेक वर्षे उपलब्ध होती. ‘थर्ड कंट्री स्टॅम्पिंग’ या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने ६ सप्टेंबर २०२५ रोजी जारी केलेल्या निर्देशांनंतर जवळपास संपुष्टात आली. एच-१बीच्या एकूण मंजुऱ्यांमध्ये भारतीयांचा वाटा ७० टक्क्यांहून अधिक असल्याने या बदलाची झळ प्रामुख्याने त्यांनाच बसली.

या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ व्हिसा आणि वास्तव्याचा दर्जा या दोन गोष्टी एकच समजण्यात आहे. अमेरिकेत राहून किती काळ काम करता येईल, हे तेथील नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाच्या मंजुरीपत्रावर (आय-७९७) आणि प्रवेशनोंदीवर (आय-९४) अवलंबून असते. पासपोर्टवरील व्हिसा हा केवळ सीमेवर जाऊन प्रवेश मागण्याचा परवाना होय. त्यामुळे व्हिसा संपलेला असला तरी दर्जा कायम असलेली व्यक्ती अमेरिकेत कायदेशीररीत्या काम करीत राहू शकते. अडचण उभी राहते ती देशाबाहेर पाऊल टाकल्यावर. शिक्षण संपवून तेथेच विद्यार्थी-दर्जातून एच-१बीमध्ये गेलेल्यांच्या पासपोर्टवर तर हा व्हिसा कधी लागलेलाच नसतो. ‘स्टॅम्पिंग’ हा शब्द रूढ असला तरी प्रत्यक्षात शिक्का मारला जात नाही, छापील व्हिसापत्र पासपोर्टच्या पानावर चिकटवले जाते.

एकेकाळी हे काम अमेरिकेतच होत असे. पासपोर्ट टपालाने सेंट लुईस येथे परराष्ट्र खात्याकडे पाठवला की नूतनीकरण होत असे. मात्र २००२च्या कायद्याने व्हिसासाठी बोटांचे ठसे घेणे बंधनकारक केले आणि जुलै २००४ मध्ये ही सेवा बंद झाली. त्यानंतर टोरांटो, व्हँकुव्हर, ओटावा, कॅलगरी, तसेच मेक्सिकोतील तिहुआना, नुएवो लारेदो, मातामोरोस येथील वाणिज्य दूतावासांकडे जाणे अनेकांना सोयीचे वाटू लागले. भारतात येण्या-जाण्याचा खर्च, मुलांची शाळा आणि मर्यादित रजा यांचा विचार करता तिहुआनासारखे सॅन दिएगोला लागून असलेले शहर कोणालाही जवळचेच वाटणार. देशांतर्गत नूतनीकरणाचा प्रयोग २०२४च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुन्हा करण्यात आला, पण त्याची मर्यादा २० हजार अर्जांची होती.

वाट जवळची असली तरी ती निर्धोक कधीच नव्हती. डीएस-१६० हा ऑनलाइन अर्ज, २०५ डॉलरचे शुल्क, मुलाखतीची वेळ आणि मालकाची कागदपत्रे एवढ्याने भागत नसे. कॅनडात शिरण्यासाठी भारतीयांना त्या देशाचा स्वतंत्र व्हिसा लागतो. मेक्सिको वैध अमेरिकी व्हिसा असणाऱ्यांना स्वतःच्या व्हिसाविना प्रवेश देतो. पण ज्याचा अमेरिकी व्हिसा संपला आहे म्हणूनच जो निघाला आहे, त्याला या सवलतीचा उपयोग नसतो.

खरा धोका पुढे होता. कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी गेलेल्या व्यक्तीला वैध आय-९४च्या आधारे, व्हिसा संपलेला असूनही, अमेरिकेत परतता येते. ‘स्वयंचलित पुनर्वैधता’ म्हणून ओळखली जाणारी ही सवलत २००२ पासून एका अटीने बांधलेली आहे : त्या मुक्कामात नव्या व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. अर्ज केला की परतीचा हा दरवाजा बंद होतो. कलम २२१(जी) अन्वये प्रकरण अधिक तपासणीसाठी राखून ठेवले गेल्यास निर्णयाला काही दिवस लागू शकतात, काही महिनेही. तोवर अर्जदार परक्या देशात, घर व नोकरी सीमेपलीकडे आणि कॅनडा-मेक्सिकोतील मुक्कामाची मुदतही मोजकीच. कलम २२२(जी) अन्वये, मुदतीपेक्षा अधिक काळ अमेरिकेत राहिलेल्यांना तर सर्वसाधारणपणे मायदेशीच अर्ज करावा लागे.

नव्या निर्देशांनुसार, बिगर-स्थलांतरित व्हिसाचा अर्ज नागरिकत्वाच्या अथवा वास्तव्याच्या देशातच करणे अपेक्षित आहे. अमेरिकेत राहणाऱ्या भारतीयाचा वास्तव्याचा देश अमेरिका. तेथे व्हिसा दिला जात नाही, म्हणजे उरतो तो भारत. अन्यत्र अर्ज केल्यास पात्रता सिद्ध करणे अधिक कठीण जाईल आणि भरलेले शुल्क परत मिळणार नाही, असेही खात्याने स्पष्ट केले आहे.

भारतात दिल्लीतील दूतावास आणि मुंबई, चेन्नई, हैदराबाद व कोलकाता येथील वाणिज्य दूतावासांत मुलाखती होतात. २ सप्टेंबर २०२५ पासून मुलाखतीतून मिळणारी सूटही बहुतेकांसाठी संपली आहे. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी सुरू झाली, तेव्हा अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती थेट पुढील वर्षात ढकलल्या गेल्या. दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्यांपुढे नोकरी टिकवण्याचाच प्रश्न उभा राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या एक लाख डॉलरच्या शुल्काशी मात्र या प्रक्रियेची गल्लत करू नये. अमेरिकेत राहूनच मुदतवाढ मंजूर झालेली व्यक्ती त्या मंजुरीच्या आधारे बाहेर व्हिसा घेण्यास गेली, तर ते शुल्क लागू होत नाही, असे नागरिकत्व व स्थलांतर सेवा विभागाने नंतर स्पष्ट केले.

कॅनडात कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीयांना टोरांटो किंवा व्हँकुव्हर येथे अर्ज करण्याची मुभा अजूनही आहे. मात्र त्यासाठी वास्तव्याचा पुरावा सादर करावा लागतो.